बिननंबरचा जबडा

परत पाठवण्याचे कारण:

अंगठ्याच्या नखाने थोरलीने डबीचं झाकण उडवलं. आत कापसावर तिचाच दात होता.

तिचा म्हणजे तिने घडवलेला. परवा भट्टीतून काढून, चकाकी देऊन, स्वतःच्या हाताने कापसावर निजवून पाठवलेला. सोबतच्या कार्डावर दातांच्या डॉक्टरांनी एका ओळीत निकाल लावला होता: रंग जुळत नाही, शेजारच्या दातापेक्षा पिवळा.

या आठवड्यातला हा तिसरा.

डबी मिटून ती एप्रनच्या खिशात सरकवणार, तोच मालकांचा हात पुढे आला.

"बघू."

मालकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. तरी ते सवयीने खिडकीशी गेले, रंगांची पट्टी उघडली, दात एकेका नमुन्याशेजारी धरत गेले, आणि मग दोन्ही वस्तू तिथेच जवळ बसलेल्या धाकटीच्या हातात दिल्या. तिने एकदाच बघितलं. पाच सेकंदही नाहीत.

"दीड घर पिवळा," ती म्हणाली.

"मग हा तूच कर, धाकटे," मालक म्हणाले.

भट्टी गुणगुणत होती, कंप्रेसर धापा टाकत होता, तरी हे वाक्य लॅबमधल्या सगळ्यांना ऐकू गेलं. प्लास्टरवाल्याने तर कालवणारा हात थांबवला.

थोरली आणि धाकटी ही नावं त्यानेच पाडलेली. एका छपराखाली चिनीमातीचे दात घडवणाऱ्या दोघी, एक आधी आलेली, एक नंतर. मग जावाच की, असं त्याचं म्हणणं. खरं तर धाकटी वयाने चार वर्षांनी मोठी. पण जावांमध्ये वय कोण बघतं, घरात आधी कोण आलं ते बघतात. थोरलीला येऊन बावीस वर्षं झाली होती. धाकटीला तीन.

"आणि पहिल्या तारखेपासून इथं तूच बस," मालक धाकटीला म्हणाले. "माझं ऑपरेशन ठरलंय."

इथं म्हणजे खिडकीत. लॅबला ऊन थेट न येणारी एकच मोठी खिडकी होती, आणि तिच्याखाली रंगाचं टेबल. पूर्वी प्रत्येक दात शेवटी त्या टेबलावर जायचा. तिथं बसलेले मालक हो म्हणाले तरच तो डबीत जायचा. वर्षभरापासून त्यांना पिवळं आणि पांढरं सारखंच दिसायला लागलं, म्हणून जो तो आपापलं तपासून पाठवत होता. त्यांच्यानंतर खिडकीत कोण, हे विचारायचीही कुणाला गरज वाटली नव्हती. लॅबची दुसरी किल्ली थोरलीच्या कमरेला होती.

"मालक," थोरली म्हणाली, "मी दिवसाला चौदा दात करते. ही आठ."

"हो."

"मग?"

"तिचे आठ जातात आणि तिकडेच राहतात," मालक म्हणाले. "तुझे घरी परत येतात, माहेरवाशिणीसारखे."

प्लास्टरवाला हसला. मग थोरलीचा चेहरा बघून त्याने ते हसू प्लास्टरमध्ये कालवलं.

दात:

त्या दिवशी थोरलीने धाकटीवर दात धरला. तीन वर्षं तो नुसता हलत होता. आता पक्का बसला.

हिचं करायचं काय, हे तिला सुचेना. शत्रूने निदान शत्रूसारखं तरी वागावं. धाकटी साडेपाच वाजले की ब्रश धुवायची, त्याचं टोक ओठांनी नीट करायची, खुर्ची आत सरकवायची आणि "येते गं" म्हणून निघायची. पन्नाशीच्या तोंडावर पोहायला शिकत होती, आणि अजून नाकात पाणी जातं म्हणून स्वतःवरच हसत होती. दुपारी डबा घेऊन बाहेरच्या पायऱ्यांवर बसायची. काम करताना मात्र तिला हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. एका म्हातारबाबांचा समोरचा दात करायचा होता, तर तिने त्यांना लॅबमध्ये बोलावून घेतलं आणि अर्धा तास त्यांच्याशी गप्पा मारल्या. का, तर हसताना दात किती दिसतो ते बघायचं होतं. त्या दाताला तिने चहाचा बारीकसा डागही दिला. म्हातारबाबा आरशात बघून म्हणाले, "हा माझाच आहे. मधे कुठं गेला होता?" हे ती आठवडाभर सगळ्यांना सांगत होती, जणू नातवाचं कौतुक.

थोरली सातला येऊन दिवे लावायची आणि रात्री आठला बंद करायची. जेवण डाव्या हाताने, कारण उजव्यात ब्रश. ताप असला तरी यायची, रविवारी यायची. घरी बसवलं की तिची बोटं एकमेकांवर घासायला लागत, जणू त्यांच्यात काहीतरी धरायचं राहिलंय. कामावर तिचं प्रेम आहे असं लोक म्हणत. तीही म्हणे. पण तिला दात आवडत नसत. दात संपलेले आवडत.

"अगं, दुपारनंतर रंग बघू नकोस," धाकटी तिला एकदा म्हणाली होती. "डोळा दमला की खोटं बोलतो. आणि बोलतोय ते त्याचं त्याला कळत नाही."

"माझा डोळा माझ्याशी कशाला खोटं बोलेल?"

"सगळ्यांचा बोलतो. मी तर मधेमधे उठून त्या राखाडी भिंतीकडे बघून येते."

"मला भिंतीकडे बघायला वेळ नाही."

धाकटीचं हे बोलणं थोरलीने टोमण्यासारखं मनात जपून ठेवलं होतं. आता ते रोज काढून बघू लागली.

पहिला सूड तिने ब्रशवर उगवला. धाकटीचा बारीक केसांचा ब्रश तिने शनिवारी निघताना पेल्यात उलटा, टोकावर उभा करून ठेवला. अशा ब्रशचं टोक एकदा मोडलं की मोडलं; माणूस हात मोडून घेईल, पण ब्रश असा ठेवणार नाही. सोमवारी धाकटीने तो उचलला, वाकडं टोक उजेडात धरलं.

"अरेरे," ती म्हणाली. मग खणातून दुसरा काढला आणि कामाला लागली.

एवढंच. ना कुणाकडे बघितलं, ना विचारलं. थोरली दिवसभर दात-ओठ खात राहिली, आणि त्या दिवशी तिचे चार दात परत आले.

समोरचा जबडा:

पुढच्या रविवारी दुपारी थोरलीने लॅब उघडली. काम होतं, पण ती आपल्या टेबलाकडे गेलीच नाही. सरळ धाकटीच्या खणाशी गेली.

काय शोधायचं ते तिला माहीत नव्हतं. मात्र काहीतरी असणार याची खात्री होती. माणूस साडेपाचला घरी जातो आणि त्याचं काम परत येत नाही, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत असणार.

पहिल्या खणात ब्रश, राखाडी कागदाचे तुकडे, पोहण्याचा चष्मा. दुसऱ्यात जुनी कार्डं. तिसऱ्या खणात, अगदी मागे, मऊ फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड.

तिने फडकं सोडलं. प्लास्टरचे दोन जबडे. वरचा, आणि त्याच्या समोरचा खालचा.

तिने ते उलटे केले. तळाला काहीच लिहिलेलं नव्हतं.

तिने बोटाने तळ पुसून पुन्हा बघितलं. लॅबमध्ये येणारा प्रत्येक जबडा कार्डासोबत येतो, आणि कार्डावरचा नंबर आधी तळाला कोरला जातो, मग बाकी सगळं. सकाळी ती कार्डं वाटायचं काम बावीस वर्षं थोरलीचंच. तिच्या हाताखालून न जाता इथं एक दाढही घडत नव्हती. बिननंबरचा जबडा म्हणजे चोरून केलेलं काम. लॅबची माती, लॅबची भट्टी, बाहेरचं गिऱ्हाईक. दोन वर्षांपूर्वी मेणकाम करणाऱ्याने आपल्या मामाची कवळी अशीच गुपचूप बनवली होती. मालकांनी त्याला त्याच दुपारी घरी पाठवलं. मामाला कवळी बसलीही नाही म्हणतात.

जबडा प्लास्टरवाल्याच्या हातचाही नव्हता. कडा ओबडधोबड, एका बाजूला हवेचा बुडबुडा. म्हणजे बाईने स्वतः ओतला. कुणाला पत्ता लागू न देता.

"सापडलीस," थोरली मोठ्याने म्हणाली. रिकाम्या लॅबमध्ये ते तिलाच दचकवून गेलं.

मग ती खुर्ची ओढून बसली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच ती त्या जागेत काम न करता बसली होती. जबडे हातात फिरवत, आंब्याची पेटी आलेल्या पोरासारखी, वरून, खालून, आतून. जबडा वाचणं तिला येत होतंच.

वरचा समोरचा डावा दात कॅपसाठी कातलेला. म्हणजे मोडला असणार. कुठेतरी पडून, आपटून.

जबडा लहान, टाळू नाजूक. मुलगी. अक्कलदाढांचा पत्ता नाही. पंधरा, फार तर सोळा.

खालच्या रांगेत मधला एक दात शेजारच्यावर पाय टाकून बसल्यासारखा. असे तिने शेकडो बघितले होते.

आणि सुळ्यांची टोकं झिजून सपाट. एवढ्याशा वयात. म्हणजे पोर झोपेत दात खाते. मोठ्या माणसांचे असे जबडे तिच्याकडे रोज येत. कुणाचा धंदा बुडालेला, कुणाचा साहेब वाईट. पण सोळा वर्षांच्या पोरीने कुणाच्या नावाने एवढे दात खावेत?

"आई काय करते कुणास ठाऊक," थोरली म्हणाली, आणि जबडे फडक्यात गुंडाळून तिने आपल्या पिशवीत टाकले.

क्रमांक:

सोमवारी सगळे आपापल्या जागी बसल्यावर तिने फडकं रंगाच्या टेबलावर सोडलं.

"हे कुणाचं?" मालकांनी डोळे बारीक केले. "नंबर वाच."

"नंबरच नाही, मालक. धाकटीच्या खणात होतं."

प्लास्टरवाल्याने जबडा उचलून फिरवला. "माझ्या हातचा नाही," तो घाईने म्हणाला. "असा बुडबुडा मी मेलो तरी ठेवणार नाही."

"धाकटे?"

"मी केलंय," धाकटी म्हणाली. ब्रश अजून तिच्या हातातच होता. "जेवणाच्या सुट्टीत केलं. सात महिने झाले."

"कार्ड कुठंय?"

"माझ्याकडे नाही."

"मग काम कुणाचं?"

"ते नाही सांगता यायचं, मालक. शब्द दिलाय."

मालक गप्प झाले. हा माणूस ओरडत नसे. ओरडला असता तर बरं, असं वाटायला लावायचा. त्या गप्प बसण्यात थोरलीला बावीस वर्षांचं व्याज पिकताना दिसत होतं.

धाकटी मात्र मालकांकडे बघतच नव्हती. थोरलीकडे बघत होती.

"तू आणलंस हे?"

"मीच."

"नीट बघितलंस?"

"तासभर बघितलं."

"तासभर," धाकटी म्हणाली. "आणि?"

"आणि काय? नंबर नाही."

धाकटीचा चेहरा रागाने लाल झाला असता तर थोरलीचं पोट भरलं असतं. तो तसा झाला नाही. वाईट बातमी सांगण्याआधी माणूस समोरच्यासाठी खुर्ची ओढतो ना, तसं काहीसं त्या चेहऱ्यावर येऊन गेलं. ते बघून थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"नियम सगळ्यांना सारखा," मालक शेवटी म्हणाले. "मेणवाल्याला मी इतकंही विचारलं नव्हतं. तुला एक दिवस देतो. उद्या दहाला कार्ड आण, नाहीतर ब्रश गुंडाळ. तोवर खिडकीत थोरली बसेल."

"बरं," धाकटी म्हणाली.

"आणि थोरले."

"काय, मालक?"

"किल्ली दे."

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"दुसऱ्याचा खण उघडायचा नसतो," मालक म्हणाले. "तोही नियमच आहे. उद्यापासून सगळ्यांसारखी साडेनऊला ये."

किल्ली कमरेवरून सोडायला तिला वेळ लागला. बावीस वर्षांत ती कडी कधी उघडलीच नव्हती. पण मग ती खिडकीत जाऊन बसली. उजेड खरंच वेगळा होता, धुतल्यासारखा. धाकटी भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यातल्या स्टुलावर. दिवसभर थोरलीने तिच्या पाठीकडे बघितलं. एवढं गोड काम तिने आयुष्यात केलं नव्हतं.

पालक:

मंगळवारी ती नेहमीसारखी पहाटे उठली, तयार झाली, आणि दाराशी जाऊन थांबली. जायला कुठंच नव्हतं. साडेनऊपर्यंत लॅब बंद.

"बरं नाही का?" नवऱ्याने विचारलं. तो पाणीखात्यात होता; सकाळी चहा तोच करायचा, कारण सकाळी घरात तोच असायचा.

"किल्ली मालकांकडे आहे."

"मग बस की. माणसं बसतात घरात. चावत नाही घर."

ती बसली. टेबलाची कुठली खुर्ची आपली, हे तिला आठवावं लागलं. नवऱ्याने कप पुढे ठेवला, साखर विचारली. अठरा वर्षांच्या बायकोला साखर विचारली. तिला हसू आलं, मग आलं नाही.

आतल्या खोलीतून मुलगी आली. केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले. आईला बघून ती दारातच थांबली, आणि मग तिला जोराची जांभई आली.

समोरच्या खिडकीतून सकाळचा उजेड सरळ तिच्या तोंडात पडला.

खालच्या रांगेतला मधला दात शेजारच्यावर पाय टाकून बसला होता.

थोरलीच्या हातातला कप टेबलावर आला, पण नीट नाही. चहा सांडला.

"आ कर," ती म्हणाली.

मुलीने तोंड मिटलं. नवऱ्याने गॅस बंद केला.

"आ कर म्हणते ना."

मुलगी पुढे आली, समोरच्या खुर्चीत बसली, आणि डॉक्टरसमोर करावं तसं तोंड उघडलं. थोरलीने हनुवटी धरली. वरचे समोरचे दोन दात. डावा. उजवा. तिने मान इकडे केली, तिकडे केली. कातलेला डावा होता हे तिला माहीत होतं. तरी डोळा म्हणत होता, दोन्ही खरे.

"कधी?"

"दोनशे सहा दिवस झाले," मुलगी म्हणाली. "आजचा धरून."

"कसा?"

"शाळेच्या पायऱ्यांवरून पडले. बाबांनी लॅबमध्ये फोन केला होता तुला. तू म्हणालीस, आत्ता नाही."

थोरलीने नवऱ्याकडे बघितलं. तो फडक्याने गॅसची शेगडी पुसत होता, जी स्वच्छच होती.

"मी दहादा सांगणार होतो," तो शेगडीला म्हणाला. "ही म्हणाली, सांगितलंत तर तुमच्याशीही बोलणार नाही."

"मी तुझ्याकडेच आले होते," मुलगी म्हणाली. "डॉक्टरांनी कार्ड दिलं, ठसा दिला. म्हणाले, रंग बघायला स्वतः जा. मी तुझ्या मागे उभी राहिले. तू म्हणालीस, तिकडे बसा, पाच मिनिटं. बसा म्हणालीस मला. मी चाळीस मिनिटं बसले. मग धाकट्या काकूंनी खिडकीत नेलं."

"मला काय माहीत मागे कोण आहे."

"वळून बघितलंस तर कळतं."

नवऱ्याने पोळलेल्यासारखा हात मागे घेतला.

"काकू तर म्हणत होत्या, आईला सांगू," मुलगी म्हणाली. "मीच नको म्हटलं. म्हटलं, तुमच्याकडे कार्ड दिलं तर उद्या सकाळी आईच्या हातात जाईल, ते माझ्याकडेच राहू दे. त्या म्हणाल्या, अगं, दोन दिवसांत बघेल ती, तिचा धंदाच आहे. मी म्हटलं, मग बघू दे ना. मी रोज रात्री तुझ्यासमोर दात घासले, आई. रविवारी तू निघायच्या आधी मुद्दाम हसले. एकदा तुला विचारलंसुद्धा, माझं काही वेगळं दिसतंय का. तू म्हणालीस, केस काप."

हे सगळं ती अगदी सपाट आवाजात बोलली. पाठ केलेलं असणार. दोनशे सहा दिवसांत माणसाचं खूप काही पाठ होतं. शेवटी ती आत गेली आणि वहीतून एक कार्ड घेऊन आली. टेबलावर, सांडलेल्या चहापासून लांब, नीट ठेवलं.

"काकूंना काढणार आहेत ना? परवा तू बाबांना सांगत होतीस, बिननंबरचा जबडा सापडला, आता बघतेच म्हणून. मी आत ऐकत होते."

"मग काल का नाही बोललीस? तिथं तिला..."

"मला बघायचं होतं," मुलगी म्हणाली, "तू तो कितीदा हातात घेतेस आणि तरी."

वाक्य तिने पुरं केलं नाही. टूथब्रश घेऊन न्हाणीघरात गेली आणि दार उघडंच ठेवलं.

रंग:

दहाला पाच मिनिटं कमी असताना थोरली लॅबमध्ये शिरली. धाकटीने ब्रश फडक्यात गुंडाळून ठेवले होते. पोहण्याचा चष्मा वर ठेवला होता. मालक खिडकीशी उभे.

थोरलीने कार्ड रंगाच्या टेबलावर ठेवलं.

धाकटीने ते बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

"हे त्या जबड्याचं," थोरली म्हणाली. "नंबर घाला. बाकी भरलेलं आहे."

वाटेत तिने ठरवलं होतं: कार्ड द्यायचं, नंबर कोरायचा, संपवायचं. कोण, कुठलं, कशाला सांगायचं? मालकांना कुठं वाचता येतंय. चार ओळींचं काम.

"वाच," मालक म्हणाले.

"डॉक्टरांनी सगळं..."

"मला दिसत नाही, थोरले. मोठ्याने वाच. बाकीच्यांनाही कळू दे, धाकटी राहतेय ती का राहतेय."

कंप्रेसर प्लास्टरवाल्याने बंद केला. नको तिथं त्याची तत्परता.

"दात: वरचा, समोरचा, डावा," थोरलीने वाचलं. "वय: सोळा."

"नाव?"

तिने नाव वाचलं. सोबतचं आडनाव लॅबमध्ये एकाच माणसाचं होतं. भट्टीचा काटा टकटक करत खाली येत होता.

"पालक?" मालकांनी विचारलं. त्यांनी हजारो कार्डं वाचली होती. रकाने त्यांना पाठ होते.

"वडील."

"फक्त?"

थोरली कार्डाकडे बघत राहिली. रकाना मुलीने स्वतःच्या अक्षरात भरला होता. "आधी एक नाव लिहिलंय," ती म्हणाली. "मग खोडलंय."

"कुणाचं?"

"माझं."

मालकांनी रुमालाने डोळे टिपले. मोतीबिंदूचं पाणी असेल. त्यांना दिवसातून दहादा टिपावे लागत.

"रंग?" त्यांनी विचारलं.

तो रकाना कोराच होता. रंग इथं, या खिडकीत ठरला होता. तो लिहायचा राहून गेला होता. थोरली वळली. गेल्या तीन वर्षांत तिने धाकटीला काही विचारलं नव्हतं.

"रंग कुठला लावलास?"

धाकटीने फडक्याची गाठ सोडली. एकेक ब्रश काढून पेल्यात उभा केला, टोक वर. घाई केली नाही. मग रंगांची पट्टी उचलली, सोळाच्या सोळा नमुने उलगडले, आणि ती खिडकीच्या उजेडात थोरलीच्या पुढ्यात ठेवली.

"तूच सांग," ती म्हणाली. "आज सकाळी बघितलास ना."

थोरलीचं बोट पहिल्या नमुन्यावर गेलं. मग पुढच्या. पट्टीच्या टोकापर्यंत जाऊन ते परत सुरुवातीला आलं, आणि तिथंच राहिलं.

मालकांनी चाचपडत स्टूल ओढलं आणि बसले.

"सावकाश," ते म्हणाले. "आम्ही थांबतो."